थांबलेल्या गाडीचे इंधन



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर तांत्रिक शाळेच्या वर्कशॉपमध्ये मुलांना इंजिन उघडायला आणि पुन्हा जुळवायला शिकवले. त्यामुळे या व्यासपीठावर इंजिनाबद्दल तासभर बोलायला मला संकोच वाटत नाही. गाडीच्या वेगावर आणि ॲव्हरेजवर आपण सगळेच बोलतो. मी आज ती उभी असते त्या वेळेबद्दल बोलणार आहे. सिग्नलला, फाटकापाशी, साखर कारखान्याच्या यार्डात, शिर्डीच्या पार्किंगमध्ये गाडी जागची हलत नाही, पण इंजिन चालू असते. तेव्हा जळणाऱ्या तेलाचा हिशेब कोण ठेवतो?

अलीकडच्या बऱ्याच मोटारींमध्ये हा हिशेब ठेवणारी यंत्रणा आलेली आहे. गाडी थांबली, न्यूट्रलमध्ये टाकली, क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद होते. क्लच दाबला की पुन्हा चालू. ऑटोमॅटिक गाडीत हेच काम ब्रेकच्या पायावर होते. कंपन्या तिला निरनिराळी नावे देतात, आपण स्टार्ट-स्टॉप म्हणू. गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात अनेक जण ही यंत्रणा बटण दाबून बंद करून टाकतात. तसे का होते आणि तसे व्हावे का, इथून सुरुवात करायची आहे.

हा विषय नगरमध्ये बोलायला तर विशेष कारण आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावर. रणगाड्यांच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आपल्या शहरात आहे. वाहननगरला संरक्षण संशोधन संस्थेची व्हीआरडीई ही प्रयोगशाळा आहे. लष्कराच्या वाहनांचे संशोधन तिथे होतेच, शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या नियमाखाली वाहनांना मंजुरी देण्यासाठी ज्या मोजक्या संस्था चाचण्या घेऊ शकतात, त्यांतली ती एक आहे. आणि दौंड रस्त्यावरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगमधून १९७२ पासून लुना बाहेर पडली. ५० सीसीच्या त्या मोपेडने शिक्षक, नर्स, पोस्टमन, दूधवाले अशा कितीतरी लोकांना पहिल्यांदा स्वतःचे इंजिन दिले. अध्यक्ष महोदय, नाव अहमदनगर असो की अहिल्यानगर, वाहन या गावाच्या अंगवळणी पडलेले आहे.

आता सरांचा एक प्रयोग सांगतो. वर्कशॉपच्या कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर एक जुने पेट्रोल इंजिन बसवलेले होते. सर त्याची टाकीची नळी काढत आणि तिच्या जागी काचेची उभी मापनळी जोडत. तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा होत्या. पेट्रोलचा पिवळसर रंग त्या काचेत स्वच्छ दिसे. इंजिन चालू करायचे, ॲक्सिलेटरला हात लावायचा नाही. एका मुलाने स्टॉपवॉच धरायचे, दुसऱ्याने डोळा रेघेवर ठेवायचा आणि रेघ ओलांडली की मोठ्याने आकडा सांगायचा. बाकीच्यांनी गप्प उभे राहायचे. इंजिन शांतपणे फुरफुरत असे, कुठलेही चाक फिरत नसे, काहीही ओढले जात नसे, आणि काचेतली पातळी मात्र एकेक रेघ खाली येत असे. सर काही समजावून सांगत नसत. वीस मिनिटे झाली की नळी रिकामी झालेली असे आणि फळ्यावर आकड्यांची रांग उभी असे. मग विचारत, “काय काम झालं?”

कामाच्या भाषेत उत्तर शून्य. यंत्रशास्त्रात काम म्हणजे बल गुणिले अंतर, आणि अंतर शून्य असले की गुणाकारही शून्य. मग तेल गेले कुठे? आयडलिंगला इंजिन मिनिटाला साधारण ७५०-८०० फेरे घेते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरवर घासतात, बेअरिंगे फिरतात, ऑइलपंप, पाण्याचा पंप आणि आल्टरनेटर चालतात. पेट्रोल इंजिनात आणखी एक भार असतो. पाय सोडला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टनला त्या मिटलेल्या दारातून हवा ओढावी लागते. म्हणजे इंजिन स्वतःलाच फिरवत ठेवण्यासाठी तेल खाते. आजच्या १.२ लिटरच्या लहान पेट्रोल गाडीचा हा खर्च तासाला अर्धा ते पाऊण लिटरच्या दरम्यान असतो. हिशेबाला सोपे म्हणून मिनिटाला १० मिलिलिटर धरू. एसी चालू असेल तर तो दीडपटीच्या पुढे जातो.

मग माणसे इंजिन बंद का करत नाहीत? आळस हे याचे उत्तर नाही. यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो अनुभव त्याच्या काळात बरोबर होता.

सुरुवातीच्या मोटारींना पुढच्या बाजूने हँडल घालून फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे, प्रसंगी जीवही जाई. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. आपल्याकडे मात्र ट्रक आणि बसच्या केबिनमध्ये हँडल पुढे कितीतरी वर्षे असायचेच. पहाटे थंडीत क्लीनरने हँडल मारायचे आणि ड्रायव्हरने आत बसून कान लावायचे हे दृश्य या सभागृहातल्या ज्येष्ठांनी पाहिलेले आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांची निराळीच खोड होती. चोक जरा जास्त ओढला, दोन-तीनदा ॲक्सिलेटर मारला की प्लग पेट्रोलने भिजायचे आणि गाडी उन्हात उभी राहायची. बॅटरी कमजोर असली की चार माणसे धक्का मारायला शोधावी लागत. ज्याने हे सोसले आहे तो फाटकापाशी गाडी कशाला बंद करील? चालू आहे तर चालू राहू दे, हाच शहाणपणा होता.

म्हणून मला वाटते, इंजिन बंद करायला जो धीर लागतो तो परत चालू होण्याच्या खात्रीतून येतो. लुना याचे फार चांगले उदाहरण आहे. तिला पेडल होते. इंजिन रुसले तरी माणूस सायकलसारखी मारत घरी पोचे, म्हणून ती बंद करायला कोणी घाबरत नसे. लुना काढणाऱ्या फिरोदिया घराण्याच्याच कायनेटिक होंडाने १९८० च्या दशकात बटणावर चालू होणारी स्कूटर आपल्याकडे रुळवली. किक मारायला न जमणाऱ्या कितीतरी महिलांना आणि वयस्कर माणसांना तेव्हा स्वतःची गाडी मिळाली. त्यानंतर मोटारींत इंधन-इंजेक्शन आले. २००० च्या सुमारास उत्सर्जनाचे नियम कडक झाले तसा कार्ब्युरेटर मागे पडला. आता किती तेल सोडायचे ते संगणक मोजून ठरवतो. गरम इंजिन पुन्हा चालू करायला लागणारे पेट्रोल इतके थोडे असते, की अमेरिकेतल्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या मोजमापांनुसार दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर बंद करून पुन्हा चालू करणे स्वस्त पडते. आपल्या डोक्यात मात्र अजून कार्ब्युरेटरच आहे. चालू करताना जास्त तेल जाते, ही समजूत सुशिक्षित माणसेही आजच्या गाडीबद्दल सांगतात.

स्टार्ट-स्टॉप यंत्रणा हा धीर गाडीच्या अंगात बसवते. कल्पना जुनी आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर टोयोटाने क्राउन या मोटारीत असा बंद-चालू होणारा प्रकार १९७४ साली दिला. १९८० च्या दशकात फोक्सवॅगन आणि फियाटने युरोपात तो करून पाहिला. ग्राहकांनी फारसे मनावर घेतले नाही, कारण स्टार्टर आणि बॅटऱ्या अजून त्या लायकीच्या नव्हत्या. २००० नंतर युरोपात कार्बन उत्सर्जनाचा काटा कंपन्यांच्या मानेवर आला तेव्हा ती घराघरांत गेली. आपल्याकडे महिंद्रने २०१० च्या आगेमागे स्कॉर्पिओ आणि बोलेरोला मायक्रो-हायब्रिड म्हणून ती दिली. हिरोने २०१४ मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टवर आणली, तेव्हा ती थेट सामान्य माणसाच्या मांडीखाली आली. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये आल्टरनेटरचेच स्टार्टर केले आणि पट्ट्याने इंजिन गुपचूप चालू होऊ लागले.

वरून साधे दिसणारे हे काम आतून किती जपून केलेले असते ते पाहा. साध्या गाडीचा स्टार्टर तिच्या आयुष्यात हजारो वेळा फिरतो. इथे तो अडीच-तीन लाख वेळा फिरेल असे धरून बनवावा लागतो. त्याची दातेरी चकती, बुश आणि सोलेनॉइड निराळी असतात. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना विशेष थर देतात, कारण दर वेळी फिरायला लागताना तेलाचा पापुद्रा पुन्हा तयार व्हावा लागतो. बॅटरी एजीएम किंवा ईएफबी जातीची लागते. तिच्या ऋण टोकाला एक संवेदक बसवलेला असतो आणि तो आत किती विद्युतभार उरला आहे, बॅटरी किती गरम आहे हे सतत सांगत असतो. ब्रेकच्या बूस्टरमध्ये निर्वात पुरेसा आहे का, इंजिनाचे पाणी तापले आहे का, सीटचा पट्टा लावला आहे का, बॉनेट बंद आहे का, केबिन थंड झाले आहे का, हे सगळे पाहिल्यावरच संगणक इंजिन बंद करतो. यातले एक जरी मनासारखे नसले तरी तो चालू ठेवतो. म्हणून मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, लोक तक्रार करतात की यंत्रणा कामच करत नाही. ती काम करते आहे. एसीच्या कॉम्प्रेसरला इंजिन हवे आहे, म्हणून तिने बंद न करण्याचा निर्णय घेतलेला असतो.

आता वाहननगरच्या बाजूला वळू. गाडीचे अधिकृत ॲव्हरेज रस्त्यावर मोजत नाहीत. प्रयोगशाळेत गाडीची चाके मोठ्या रोलरवर ठेवतात आणि ठरवून दिलेल्या आलेखाप्रमाणे ती चालवतात. किती सेकंदाला किती वेग, कुठे थांबायचे, किती वेळ थांबायचे, सगळे बांधलेले असते. मोटारींसाठीचे आपले सुधारित भारतीय चक्र ११८० सेकंदांचे आहे आणि त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. यातला जवळजवळ पाव वेळ गाडी नुसती उभी असते. स्टार्ट-स्टॉप असलेली गाडी या आलेखावर चांगली उतरणार हे उघड आहे. युरोपने २०१७ पासून जो नवा १८०० सेकंदांचा आलेख घेतला त्यात उभे राहण्याचा वेळ साधारण १३ टक्के आहे. यंत्र तेच, गाडी तीच, पण कागदावरचा फायदा कमी झाला. मोजणारी माणसे प्रामाणिकपणे मोजतात. प्रश्न एवढाच, की तुमचा रस्ता त्या आलेखासारखा आहे का?

नगरहून पुण्याला निघालात तर सव्वाशे किलोमीटरमध्ये इंजिन बंद व्हायची वेळ फार थोडी येते. फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा झाल्यावर टोलनाक्याची रांगही आखूड झाली. तेल वाचवणारा तो एक मोठाच उपाय होता, पण आपण त्याला तसे म्हणत नाही. वाघोलीच्या कोंडीत मात्र यंत्रणेची परीक्षा होते आणि तिथे ती अनेकदा नापास होते, कारण गाडी वीतभर सरकते, थांबते, पुन्हा वीतभर सरकते. दहा सेकंदांच्या आत पुन्हा चालू व्हायचे असेल तर बंद होण्यात काही हशील नाही. खरा फायदा आहे तो शहरातल्या लांब सिग्नलला. प्रेमदान चौक, पत्रकार चौक, डीएसपी चौक, जिथे आकडा साठवरून खाली उतरत येतो तिथे. पुण्या-मुंबईच्या वाहतुकीत पाच-सात टक्के, कधी दहाच्या जवळ बचत होते. लांब पल्ल्याच्या गाडीला ती जवळपास नाही. जो विक्रेता सर्वांना सरसकट दहा टक्के सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

रुपयांत बोलू. समजा कामावर जाता-येता मिळून रोज सहा मिनिटे सिग्नलला जातात. मिनिटाला १० मिलिलिटरने ६० मिलिलिटर झाले. वर्षातले ३०० दिवस धरले तर १८ लिटर. आजच्या दराने अठराशे-एकोणीसशे रुपये. वाईट नाही, पण फार नाही. ती विशेष बॅटरी साध्या बॅटरीपेक्षा बरीच महाग असते आणि चार-पाच वर्षांनी बदलावी लागते. पैसे वाचवण्यासाठी कोणी तिथे साधी बॅटरी बसवली तर ती लवकर मान टाकते. हे सर्व वजा केल्यावर एकट्या मालकाच्या खिशात उरते ती किरकोळ रक्कम. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या प्रमुखांनी २०२५ च्या मे महिन्यात या यंत्रणेविरुद्ध जाहीर भूमिका घेतली, ती ग्राहकांच्या नाराजीचा हवाला देऊन. मला ती भूमिका पटत नाही. अठरा लिटर एका माणसाला थोडे आहेत, शहराला थोडे नाहीत. आणि चौकात उभ्या असलेल्या शंभर गाड्यांचा धूर फुटपाथवरून शाळेत जाणाऱ्या पोरांच्या नाकात जातो, त्याची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही.

तरीही माझा मुख्य मुद्दा पुढेच आहे. ही यंत्रणा सेकंदांचा हिशेब फार छान ठेवते. आपल्या जिल्ह्यात तेल वाया जाते ते मात्र मिनिटांत आणि तासांत, आणि ते ज्या गाड्यांत जाते त्यांना ही यंत्रणाच नाही.

गाळप हंगामात कोणत्याही कारखान्याच्या यार्डात रात्री दहानंतर जा. आपल्याकडे ही गोष्ट समजून सांगावी लागत नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, तेव्हापासून दिवाळीनंतरचे नगर म्हणजे उसाच्या वाहनांचे नगर. ट्रक, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बैलगाड्या. सगळ्यांना वजनकाट्याकडे आणि मग गव्हाणीकडे जायचे असते. नंबर लागायला कधी चार तास, कधी रात्रभर. बैल सोडून गाडीवान कडबा टाकतो आणि निवांत शेकोटीशी बसतो. त्याचे इंजिन बंद आहे. ट्रॅक्टरचे चालू आहे. पुढचा ट्रॅक्टर दहा फूट सरकला की मागच्या सगळ्यांनी दहा फूट सरकायचे, नाहीतर मध्ये कोणी घुसतो. पोरगा स्टिअरिंगवर डोके ठेवून झोपतो, हॉर्न ऐकला की अर्धवट डोळ्यांनी क्लच सोडतो, सरकतो, पुन्हा डोके टेकतो. टपावरच्या स्पीकरवर गाणी चालू असतात. ती ऐकण्याची हौस असते आणि जागे राहण्याची गरजही. बॅटरी जुनी, तिच्यावर स्पीकरचा भार, म्हणून इंजिन बंद केले तर सेल्फ लागणार नाही ही भीती. ज्याची बॅटरी अगदीच गेली आहे तो आधीच उतार पाहून ट्रॅक्टर लावतो, म्हणजे ढकलून चालू करता येईल. यार्ड सपाट असले तर तोही बंद करत नाही.

अशा ट्रॅक्टरचे आयडलिंगला तासाला लिटरभराच्या वर डिझेल जाते. रात्रीतून तीन-चार तास जरी असे गेले तरी चार-पाच लिटर, म्हणजे साडेतीनशे ते साडेचारशे रुपये. वाहतूकदाराला पैसे मिळतात ते टनावर आणि अंतरावर. थांबल्याचे काही मिळत नाही. हा खर्च त्याच्याच खिशातून जातो आणि तरी तो मुकाट्याने सोसतो, कारण रांगेत मागे पडणे त्याहून महाग आहे. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर हेच केले असते.

इथे आपल्या शहरातल्या रणगाड्यांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दबा धरून बसलेल्या रणगाड्याला रेडिओ, दुर्बिणी आणि तोफेची यंत्रे चालू ठेवावी लागतात, पण मुख्य इंजिन चालू ठेवले तर आवाज होतो, उष्णता दिसते आणि तेल संपते. अमेरिकेच्या अब्राम्स रणगाड्याचे टर्बाइन जागेवर उभे असताना तासाला ३५-४० लिटर तेल खाई. म्हणून आधुनिक रणगाड्यांत वेगळे लहान जनित्र किंवा वेगळ्या बॅटऱ्या देतात आणि मुख्य इंजिन बंद ठेवून पहारा करतात. उसाच्या ट्रॅक्टरला गाण्यांसाठी आणि दिव्यासाठी एक स्वतंत्र बॅटरी दिली, आणि सेल्फची बॅटरी फक्त सेल्फसाठी राखली, तर ती भीती संपते. दुसऱ्या बॅटरीचा खर्च वाचलेल्या डिझेलमधून एका हंगामात निघावा.

शिर्डीचे उदाहरण थोडक्यात सांगतो. घरचे लोक दर्शनबारीत, ड्रायव्हर पार्किंगमध्ये एसी लावून झोपलेला, काचा बंद. तेल जाते ते जातेच, पण बंद जागेत किंवा सायलेन्सर गळका असताना कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. इंजिन बंद करून काच खाली करा, झाडाखाली लावा, एवढे ड्रायव्हरला आवर्जून सांगावे. आणि त्याला बसायला सावलीची जागा आहे की नाही, हे आधी मालकाने पाहावे.

बीएस-६ ची डिझेल गाडी असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. १ एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो. तासन्‌तास आयडलिंगला ठेवलेल्या गाडीची जाळी तुंबते आणि मग गॅरेजचे बिल येते. सकाळी दहा-दहा मिनिटे गाडी गरम करण्याची पद्धतही आता सोडली पाहिजे. मिनिटभराने निघावे आणि पहिले दोन किलोमीटर सावकाश चालवावी. टर्बोची गाडी घाटातून दामटून आणली असेल तर बंद करण्यापूर्वी अर्धा-एक मिनिट चालू ठेवावी, कारण तापलेल्या टर्बोला तेलाचा पुरवठा हवा असतो. तेवढे आयडलिंग कामाचे आहे.

घाटाचा विषय निघाला म्हणून कळकळीने सांगतो. करंजी, इमामपूर, चंदनापुरी, या घाटांत उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रल टाकून गाडी सोडणारे अजून आहेत. डिझेल वाचते असे त्यांना वाटते. इंजिन बंद झाले की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, स्टिअरिंग जड होते, आणि मोठ्या गाडीत हवेचा दाब तयार होणे थांबते. हा जिवाशी खेळ आहे. शिवाय वाचते ते काहीच नाही. आजच्या इंजिनात उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर सोडला की संगणक तेल पूर्ण बंद करतो आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये टाकली तर उलट आयडलिंगचे तेल सुरू होते. चाक फिरत असताना इंजिन बंद करायचे नाही, चाक थांबल्यावर करायचे. मुलाला गाडी शिकवताना हे पहिल्याच दिवशी सांगा.

आता त्या १८ लिटरकडे परत येतो, कारण त्यांचा एक हिशेब फक्त आपल्याच जिल्ह्याला कळेल. आज पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलच्या प्रत्येक लिटरात २०० मिलिलिटर इथेनॉल असते. ते मक्यापासून आणि तुकडा तांदळापासूनही होते, पण आपल्याकडे ते उसाचे. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात म्हटले आहे, की उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. १८ लिटर पेट्रोलमधले इथेनॉल झाले ३.६ लिटर. ते सगळे उसाचे असेल तर त्यामागे दहा हजार लिटरहून जास्त पाणी आहे. पाथर्डी, पारनेर किंवा जामखेडच्या वस्तीवर उन्हाळ्यात येणारा एक टँकर. एका गाडीने सिग्नलला उभे राहून वर्षभरात तेवढे पाणी धुरात घालवले. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत घातली, किती पाऊस पडला, किती पाणी उपलब्ध आहे आणि त्यावर कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरवले, म्हणून ते गाव टिकले. त्या जिल्ह्यातल्या माणसाला हा हिशेब परका वाटू नये.

तर करायचे काय? सिग्नलला आकडा दिसतो आहे आणि वीसच्या वर आहे, तर किल्ली फिरवा. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये यासाठी मोहीम काढली होती, पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना तर हे कितीतरी वर्षे सांगते आहे. गाडीत यंत्रणा असेल तर ते बटण दाबून तिला गप्प करू नका. बॅटरी बदलताना त्याच जातीची घ्या. यात अवघड काही नाही.

यार्डाचे काम एकट्या ड्रायव्हरला जमणारे नाही, ते कारखान्यालाच करावे लागेल. माझी सूचना अशी आहे. रांग एकेक वाहनाने सरकवू नका. वीस-वीस वाहनांचे गट करा. पुढचा गट पूर्ण आत गेला की मागच्या वीस जणांना एकदम बोलवा, आणि तोपर्यंत इंजिने बंद. रात्रीतून चाळीस वेळा दहा फूट सरकण्याऐवजी दोन-तीनदा मोठा टप्पा सरकायचे. प्रत्येकाच्या हातात नंबराचा बिल्ला असला की मध्ये कोणी घुसण्याची भीती राहत नाही, आणि ती भीती गेली की तो पोरगा निर्धास्त झोपेल. ज्याचा सेल्फ लागत नाही त्याच्यासाठी यार्डात एक जंपर केबल आणि एक चांगली बॅटरी ठेवा. खर्च फार तर आठ-दहा हजार रुपये.

आणि हे खरेच जमते का, किती वाचते, ते मोजले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तंत्रनिकेतने आहेत, आयटीआय आहेत. दोन-दोन मुलांच्या जोड्या करून एका यार्डात आठवडाभर बसवा. एका रात्री रांग नेहमीसारखी, दुसऱ्या रात्री गटागटाने. प्रत्येक ट्रॅक्टरची टाकी आत येताना आणि बाहेर जाताना पट्टी घालून मोजायची, इंजिन किती मिनिटे चालू होते ते वहीत लिहायचे. सरांच्या मापनळीइतके बारीक ते होणार नाही, पण आकडा हाती येईल. तो आकडा कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदांपुढे ठेवता येईल. दसऱ्याला बॉयलर पेटतील, त्याआधी यार्डातल्या चुन्याच्या रेषा आखून घेता येतील. ज्या कारखान्याचे संचालक किंवा शेतकी अधिकारी इथे बसलेले असतील, त्यांनी कार्यक्रमानंतर मला जरूर भेटावे. पहिल्या आठवड्याच्या रात्री मी स्वतः वही घेऊन यायला तयार आहे.